अर्धा कोयता

११ जानेवारी २०१६

डोकं फुटलं! धर्मराजचं. गहिनीनाथनं बाकाचा निखळलेला लोखंडी पाय उचलला आणि मागून घातला. मधल्या सुट्टीत, हापशापाशी. हापशाला दिवाळीपासून पाणी नाही, तरी पोरं अजून तिथंच जमतात. सवय.

हेडमास्तर घोळवे सरांनी गाडी काढली, मी मागं बसलो, मधे धर्मराज. दिंद्रुडच्या दवाखान्यात टाके घातले. रक्त माझ्या शर्टावर, गळ्यातल्या ओळखपत्रावर. 'समुपदेशन सहाय्यक' असं छापलंय त्याच्यावर. संस्थेनं महिन्यापूर्वी दिलं. तवापासून मिरवत होतो. आज पहिल्यांदा काम पडलं, तर मी कुठं होतो? फाट्यावर, सोडा पीत. आधी मी बोअरच्या गाडीवर होतो, तिथला जुना दोस्त भेटला म्हणून.

भांडण एका शब्दावरून. धर्मराज म्हणला, "ए अर्ध्या कोयत्या, सरक."

आरडाओरडा ऐकून मी फाट्यावरून पळत आलो, आम्ही दोघांना अलग करत होतो तेव्हा गहिनीनाथ ओरडला, "अर्धा म्हणतो का बे? पुरा कोयता दावतो तुला, थांब!"

अख्ख्या शाळेनं ऐकलं.

१२ जानेवारी

ठोंबरे मॅडमचा फोन. त्या आमच्या संस्थेच्या खऱ्या समुपदेशक, बीडला असतात, मूळच्या पुण्याच्या. आठवड्यातून एकदा शाळेवर येतात, बाकीचे दिवस मी. म्हणल्या, अर्धा कोयता म्हणजे काय? शिवी आहे का?

सांगता सांगता मलाच कसंतरी झालं. शिवी नाही मॅडम. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एक कापतो, एक मोळी बांधते. मुकादम म्हणतो माझ्या टोळीत वीस कोयते, म्हणजे वीस जोडपी. एकटं माणूस असलं तर अर्धा कोयता. गहिनीनाथचा बाप दोन सालाखाली ट्रॅक्टरखाली गेला. आई अंजनाबाई एकटी जाते तोडीला. ती अर्धा कोयता. म्हणून तिचं पोरगं पण.

मॅडम म्हणल्या, "म्हाळू, माणसांना हत्याराचं नाव?"

माझे आईबाप बारा वर्षं एक कोयता होते. मला कधी नवल वाटलं नव्हतं!

१३ जानेवारी

धर्मराजचा बाप आला. रामकिसन मुकादम. पांढरी बोलेरो, डोळे झोपेनं लाल, रात्रभर गाडी मारून साताऱ्याकडच्या कारखान्यावरून आला होता. इथला सहकारी कारखाना यंदा पेटलाच नाही. ऊसच नाही तर बॉयलर कशाला पेटवतील! सगळ्या टोळ्या तिकडं. नेमकं गहिनीनाथची आई ह्याच मुकादमाच्या टोळीत. बघा आता.

घोळवे सर गहिनीनाथचा शाळा सोडल्याचा दाखला लिहायला बसले होते. "सतरा वर्षाचा घोडा नववीत ठेवला हीच माझी चूक," म्हणाले. पण त्याची दोन वर्षं उसाच्या पाचटात गेली, आईबापामागं हिंडण्यात. तो काय करील.

मी मॅडमचं शिकवलेलं बोलायला गेलो, "पोराचा राग समजून घेतला पाहिजे." मुकादम म्हणला, "तू कोण?"

ओळखपत्र दाखवलं. रक्ताचा डाग होता त्याच्यावर. त्याच्याच पोराचा. बघितला त्यानं, आणि खाली बसला.

शेवटी मॅडम फोनवर बोलल्या आणि मांडवली झाली. महिनाभर बघायचं. पुन्हा हात उचलला तर नुसता दाखला न्हाई, पोलीस. वर दारातून जाता जाता मुकादम म्हणला, "आन् त्याच्या मायला टोळीतनं काढीन. आदीच अर्धी हाय, कोन घेतंय तिला."

पोरगं कुणाकडून शिकलं, ते कळलं.

१५ जानेवारी

संक्रांत. घोळवे सरांची अक्कल! प्रार्थनेला दोघांना पुढं बोलावलं, सगळ्यांसमोर एकमेकाला तिळगूळ द्यायला लावला. धर्मराजच्या डोक्याला पट्टी. "गोड बोला," म्हणला तो, दगडासारखं. गहिनीनाथनं घेतला, खिशात टाकला. टाळ्या.

दुपारी शिवकन्या आली. आठवीतली, आमच्या हंगामी वसतिगृहातली. आईबाप तोडीला गेलेली पोरं इथं राहतात, सहा महिने. गहिनीनाथ पण. कागदावर वसतिगृह मी आणि स्वयंपाकीण छबुबाई चालवतो. खरं चालवते ही चौदा वर्षाची पोरगी. सकाळी बारक्या पोरींची रांग लागते तिच्यापुढं, ती वेण्या घालते आणि रिबिनी बांधते. अशा बांधते की शाळा सुटेपर्यंत एक सुटत नाही. मी विचारलं, कुणी शिकवलं? म्हणली, "आयनं. ती मोळ्या बांधती, मी मुंड्या बांधते."

पहिल्या दिवशी मला विचारलं होतं तिनं, "तुमी सर हाव का शिपाई?"

"मधलंच कायतरी," म्हणलो.

"मंग मधले सर म्हनू." तेच नाव पडलंय!

तर आज म्हणली, "मधले सर, गहिनीनाथनं तिळगूळ मुंग्याला घातला."

१८ जानेवारी

वडवणीच्या बाजारात गेलतो, छबुबाईला मिरच्या पाहिजे होत्या. वाटेत जनावरांची छावणी. बघत बसलो. एक म्हातारा बैलाला ओल्या फडक्यानं पुसत होता, पुसून झालं की तेच फडकं स्वतःच्या तोंडावर फिरवायचा. दोन तास गेले. मिरच्या राहिल्या. छबुबाई म्हणली, "तुला डोळे दिलेत आन् ध्यान इसरलाय देव."

परत आलो तर शिवकन्या फाटकापाशी उभी.

"सर, एक सांगते. पन माझं नाव घ्याचं न्हाई."

"न्हाई घेत."

"आयची आन?"

"आईची आण."

"गहिनीनाथच्या पेटीत कोयता हाय. त्याच्या बापाचा. दुपारी झाडायला गेलते पोरांच्या खोलीत, तो पाजळीत बसलाता."

पुरा कोयता दावतो तुला — ते काही हवेत बोललेलं नव्हतं!

१९ जानेवारी

मॅडमला फोन केला होता. मला वाटलं म्हणतील पेटी फोड, पोलीस बोलाव. त्या म्हणल्या, पेटी तू उघडू नको. त्यालाच उघडू दे. आणि कुणी सांगितलं त्याचं नाव पोटात ठेव, काही झालं तरी. प्रशिक्षणात पण हाच पहिला धडा होता. वहीत दोनदा खाली रेघ मारली होती मी.

शाळेमागच्या कोरड्या विहिरीवर घेऊन गेलो त्याला. कठड्यावर बसलो. काय बोलावं सुचेना, म्हणून बोअरच्या गाडीच्या गोष्टी सांगत बसलो. तामिळनाडूची माणसं, त्यांचा भात, एकदा केज तालुक्यात पाचशे फूट गेलो आणि नुसता फुफाटा आला आणि शेतकऱ्याची बायको आमच्यावरच पाणी ओवाळायला तांब्या घेऊन उभी. गहिनीनाथ एकदम म्हणला, "सर, तुमी पेटीचं इचारायला आलात ना?"

"हां."

"कुनी सांगितलं?"

"कुणी का सांगेना."

उठला. खोलीत गेला. मी मागं. पेटी उघडली. बापाचा कोयता, आईच्या लुगड्याच्या पट्टीत गुंडाळलेला. मूठ घासून घासून काळी, बोटांच्या जागी खड्डे पडलेले. त्यानं आपली बोटं त्या खड्ड्यांत घालून दाखवली. बसत होती.

"दोनदा दप्तरात घातलाता," म्हणला.

"मग?"

"चेन लागंना."

हसावं का रडावं. धर्मराजचं मुंडकं एका दप्तराच्या चेनीनं वाचलं! मी हात पुढं केला. लई वेळ तसाच धरून बसलो. मग दिला त्यानं. म्हणला, "हरवू नका. बापाचं एवढंच हाय."

माझ्या खाटेखाली ठेवलाय. वर झोपायचं म्हणजे...

२१ जानेवारी

मॅडम आल्या. दोघांशी अलग अलग बोलल्या. मी बाहेर, दाराला कान. (चहा द्यायला गेलो असं दाखवून.)

गहिनीनाथला विचारलं, राग आला की शरीरात कुठं कळतो? म्हणला, "टाचेत." मॅडमनी लिहून घेतलं. मला पटलं. तोडीच्या पोरांच्या टाचा बघितल्यात कुणी?

धर्मराजला विचारलं, बाबा घरी असले की काय बोलतात? म्हणला, "फोनवर बोलतात. कोयते मोजतात." अजून? "मला म्हनतात, तू मुकादमाचा हायस, खाली बगून चालायचं न्हाई." आणि मग रडायला लागला, पट्टी धरून. मी समजत होतो एकच पोरगं धोक्यात आहे.

२६ जानेवारी

झेंडा झाला, भाषणं झाली आणि टँकर आला. सगळी गर्दी भाषण सोडून टँकरकडं! पाहुणे व्यासपीठावर एकटेच.

पाइप मधून फाटलेला. कारंजं उडायला लागलं. मी ओरडलो, "धरा कुणीतरी!" आणि दोघे धावले तर कोण? धर्मराजनं फाटकी जागा दाबली, गहिनीनाथनं त्याच्या हातावर हात दाबला. टाकी भरेस्तोवर तसेच, ओलेचिंब, एकमेकाकडं न बघता. शिवकन्या लुगड्याची चिंधी घेऊन आली आणि त्यांच्या बोटांसकट पाइपाला गाठ मारली.

"ए, बोटं काड की!"

"बसा बांदून. भांडनार न्हाई मंग."

धर्मराज हसला. गहिनीनाथ पण. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. मॅडमला फोन करून सांगितलं. त्या म्हणल्या, आता घरच्यांशी बोलायला पाहिजे, आई हा कच्चा दुवा आहे, तू जाशील का कारखान्यावर? जाशील का म्हणून काय विचारता! दीड महिना एका जागी राहून माझे पाय किडायला लागले होते.

३० जानेवारी

बीडहून कोल्हापूर गाडी. खिडकी मिळाली. काय बघायचं, नगर जिल्हा संपेस्तोवर सगळं पिवळं. मग एकदम हिरवं! डोळ्याला टोचतं. कालवा भरून वाहतोय, बाया धुणं धुतायत, पाणी नुसतं जातंय! माझ्या शेजारच्या आजोबांना म्हणलो, हे पण महाराष्ट्रच का? ते म्हणले, झोपा की गप.

साताऱ्याच्या अलीकडं उतरलो आणि कारखान्याच्या मळीच्या वासामागं चालत गेलो.

३१ जानेवारी

कोप्यांची वस्ती, उघड्या रानात. बांबू आणि पाचटाच्या. लहानपणी मी असल्याच कोपीत झोपायचो. वाकून आत शिरताना पाठीनं आपोआप माप घेतलं. विसरत नाही वाटतं पाठ.

अंजनाबाई भाकरी थापत होत्या. हातावर पाचटानं कापलेल्या रेघाच रेघा. मला बघितलं आणि थापायचं थांबलं. "मेलं का कोन?" हा पहिला शब्द.

न्हाई बाई, कुणी मेलं नाही. सगळं सांगितलं. डोकं फुटलं, टाके, कोयता, पेटी. शेजारच्या कोपीतून आश्रुबा आणि त्याची बायको येऊन बसली. शिवकन्याचे आईबाप. टोळी एकच.

अंजनाबाई रडल्या नाहीत. तव्यावरची भाकरी करपली तेवढी. म्हणल्या, "बाप असता तर..." मग म्हणल्या, "मी काय करू सर? अर्ध्या मानसानं किती करायचं? दिवसा ऊस, रातच्याला गाडी भरा. पोरगं तिकडं, मी हिकडं."

इथं मी मॅडमचं वाक्य टाकलं. येताना गाडीत पाठ केलं होतं. "त्याला एकटं सोडू नका. त्याच्या जवळ आपलं माणूस पाहिजे. जीव लावणारं, त्याला धरून ठेवणारं. आपलं माणूस असलं की राग आपोआप उतरतो."

"आपलं मानूस," अंजनाबाई म्हणल्या. हळू. जसं काही चव बघतायत.

मग विचारलं, "कोयत्याचं तुमाला सांगितलं कुनी?"

आणि माझं तोंड! भाकरी, लसणाची चटणी, ऊब, आपल्या मुलखाची बोली, समोर पोरीचा बाप. सुटलंच. "शिवकन्यानं," म्हणलो. "आश्रुबाची शिवकन्या. तिच्यामुळं टळलं. लई शहाणी पोरगी, सगळं वसतिगृह सांभाळती. गहिनीनाथ पण ऐकतो तिचं."

आईची आण! तिथल्या तिथं जीभ चावली. पण कुणी रागावलं नाही. उलट आश्रुबाची छाती एवढी झाली. "माजी शिवकन्या?" म्हणला. बायकोकडं बघितलं त्यानं. बायकोनं अंजनाबाईकडं. अंजनाबाई म्हणल्या, "पोरगी ध्यानाची हाय मंग."

"लई," मी म्हणलो.

निघताना अंजनाबाई गाडीरस्त्यापर्यंत आल्या. "बरं झालं सर तुमी आलात. करते कायतरी. एकटा न्हाई ठिवत त्याला." पिशवीत उसाच्या कांड्या दिल्या, पोरांसाठी.

आपल्या हातानं काहीतरी चांगलं झालं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. गाडीत झोपच लागली नाही.

२ फेब्रुवारी

शिवकन्याला सांगितलं, तुझ्या आईबापाला भेटलो. कांडी सोलत बसली होती. "काय म्हनले?"

"तुझं कौतुक केलं मी."

"कशाचं?"

म्हणलो, "रिबिनीचं."

माझ्याकडं लई वेळ बघितलं तिनं. मग कांडी खाल्ली.

५ फेब्रुवारी

काही नाही. वारं. फुफाटा. जेवणात खडे.

९ फेब्रुवारी

गहिनीनाथ बदलला! घोळवे सर पण म्हणले. परवा धर्मराजनं वर्गात चुकून त्याच्या पायावर पाय दिला, सगळे श्वास धरून. गहिनीनाथ नुसता म्हणला, "बगून की." बस!

मात्र गप असतो. आई फोन करते म्हणे, दर दोन दिवसाला. आधी महिन्यातून एकदा यायचा. विचारलं, काय बोलते आई? लाजला. खरंच, कानापर्यंत लाल. म्हणला, "कुटं काय."

मॅडम लई खूष. म्हणल्या, आई जोडली गेली, हेच पाहिजे होतं. ह्याची माहिती त्या बीडच्या बैठकीत मांडणार आहेत. "तुझं नाव घेऊन," म्हणल्या.

छबुबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणली, "कोन सुदारलं म्हनतो? पोरगं आन् इस्तू गप झाला की आदी राख उकरून बगावी." म्हाताऱ्या माणसांना चांगलं बघवत नाही.

१२ फेब्रुवारी

गहिनीनाथ विचारायला आला, "आयनं बोलवलंय. दोन दिवस जाऊन येऊ का?" घोळवे सर नको म्हणत होते. मी भांडलो! म्हणलो, आपणच सांगितलं ना आईला, एकटं ठेवू नका, आणि आता तिनं जवळ बोलावलं तर अडवायचं? सही केली सरांनी.

शिवकन्या पण जाणार आहे. आई आजारी असल्याचा निरोप घेऊन चुलता आलाय. तिनं मला विचारलं, "सर, तुमी गेलता तवा आय बरी होती ना?"

"एकदम ठणठणीत."

"मंग?"

"अगं, दोन आठवडे झाले. थंडीताप असंल."

ती उभीच राहिली. काहीतरी बोलायचं होतं बहुतेक. तेवढ्यात फाटकाबाहेर डोंबाऱ्याचा ढोल वाजला आणि सगळी पोरं पळाली. मी पण.

१३ फेब्रुवारी

सकाळी फाट्यावर सोडायला गेलो. गहिनीनाथला खिडकी मिळवून दिली, चढून, रुमाल टाकून. नवा पांढरा शर्ट होता त्याच्या अंगात. आईनं शिवकन्याच्या चुलत्याबरोबर पाठवलेला म्हणे. कोयता न्यायचा का, म्हणून मीच विचारलं. बापाची वस्तू, आईकडं सोपवलेली बरी. म्हणला, "गाडीत नगं सर. राहू द्या तुमच्यापाशी. आता कशाला लागतोय मला धर्मराजसाटी."

मग खिडकीतून वाकून म्हणला, "सर, आता मला अर्धा कुनी म्हननार न्हाई."

महिन्यापूर्वीचा तो ओरडणारा पोरगा आणि हा! मी म्हणलो, "तू कधीच नव्हता अर्धा."

मागच्या सीटवर शिवकन्या, चुलत्याच्या शेजारी. बरं झालं, वाटेत सोबत झाली दोघांना. जाण्याआधी सगळ्या बारक्या पोरींच्या रिबिनी बांधून आली होती. मला हात नाही केला तिनं. पलीकडच्या खिडकीतून बघत होती, जिकडं बघण्यासारखं काहीच नाही, नुसतं ढेकळाचं रान.

येताना नारायणगडाकडं जाणारा एक टेम्पो दिसला. वाटलं, बसावं. काम तर झालं. महिना पुरा झाला, शाळेत हात उचलला गेला नाही, कोयता माझ्या खाटेखाली. आता इथं मी कशाला?

नाही बसलो.

१५ फेब्रुवारी

दोघं आले नाहीत. गाडी मिळाली नसंल.

बारक्या पोरींच्या रिबिनी परवापासूनच्या आहेत. एकीनं पण सोडू दिली नाही. छबुबाई ओरडती, केसात उवा होतील. कुणी ऐकत नाही.

१६ फेब्रुवारी

अजून नाहीत. अंजनाबाईचा फोन बंद.

धर्मराजला विचारलं, बाबा तिकडंच आहेत ना, काही म्हणले का? खाली बघत राहिला. मुकादमाचं पोरगं, खाली बघत. मी खांद्यावर हात ठेवला तर झटकला. "मला काय इचारता सर? तुमीच गेलता ना."

म्हणजे काय?

पुन्हा विचारलं. पळाला.

१७ फेब्रुवारी

अंजनाबाईचा फोन आला, सकाळी, मुकादमाच्या मोबाइलवरून. मागं कारखान्याची घरघर. आनंदानं बोलत होत्या.

"सर, तुमी म्हनलाता तसंच केलं बगा. आपलं मानूस दिलं त्याला. कारखान्याच्या गेटापाशीच लगीन उरकलं सोमवारी, टोळीपुरतं. आश्रुबा पन लगेच हो म्हनला, तुमी एवडं चांगलं सांगितलंतं पोरीचं. लई ध्यानाची हाय. मोळी काय घट बांदती! मुकादमानं दोगांचा पुरा कोयता लावून घेतला. आता दाखला काडा शाळेतनं, दोगांचा बी. आन् सर, त्याच्या बापाचा कोयता तुमच्यापाशी हाय, तेवडा लावून द्या. दुसरा त्याच्या हाताला बसंना."

मी म्हणलो, शिवकन्याला द्या फोन.

"ती उसाच्या फडात गेली की."

मॅडमला फोन लावला. शिवकन्याचं नाव मीच सांगितलं होतं, इथून सुरुवात केली. त्या काय म्हणल्या ते ऐकू आलं नाही. बारक्या पोरी दारात येऊन उभ्या होत्या, रांगेनं. कंगवे घेऊन.